मुंग्यांशी युद्ध की मुंग्यांना खंदक?

१/ साखरेच्या डब्याभोवती मुंग्यांची रांग दिसली, की हात आपोआप फवाऱ्याकडे वळतो. ही सवय मात्र जेमतेम शतकभराची. त्यापूर्वी स्वयंपाकघरे मुंग्या मारून नव्हे, तर त्यांना अडवून राखली जात. ही रीत मागे कशी पडली आणि फवारणीच्या मोठ्या युद्धाचे पुढे काय झाले, त्याचा हा इतिहास.

२/ जुन्या घरांतील जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत उभे असत. दूधलोणी शिंक्यावर टांगले जाई. उंबऱ्याशी हळदीची रेघ ओढली जाई. वाटीतले पाणी म्हणजे भुईकोटाभोवतीचा खंदकच. शत्रूला ठार करण्याची गरज नाही. तो आत येऊ नये, एवढे पुरे.

३/ हाच खंदक विज्ञानाच्याही कामी आला. इंग्लंडमधील जॉन लबक यांनी घरातच मुंग्यांच्या वसाहती पाळल्या आणि त्या पळून जाऊ नयेत म्हणून भोवती पाणी राखले. या प्रयोगांवरील त्यांचा ग्रंथ १८८२ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्याकडील एक राणी मुंगी तब्बल १३ वर्षांहून अधिक काळ जगली.

४/ या आयुर्मानाचा अर्थ गंभीर आहे. ओट्यावर दिसतात त्या कामकरी मुंग्या. त्या शेकड्यांनी चिरडल्या, तरी बिळातली राणी सुरक्षित असेपर्यंत नवी फौज तयार होत राहते.

५/ मग रांग लागते कशी? अठराव्या शतकात शार्ल बोने या निसर्गअभ्यासकाने मुंग्यांच्या वाटेवर आडवे बोट फिरवले आणि मुंग्या तिथे गोंधळल्या. वाट गंधाची होती. १९५९ साली एडवर्ड विल्सन यांनी दाखवून दिले, की अग्निमुंगीच्या पोटातील एका सूक्ष्म ग्रंथीतून हा गंध स्रवतो.

६/ तोवर काळ बदलला होता. डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये पॉल म्युलर यांनी शोधला. १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. महायुद्धानंतर रसायन आणि विमान ही जोडी प्रत्येक किडीवर रामबाण वाटू लागली.

७/ याच सुमारास दक्षिण अमेरिकेतून अलाबामातील मोबील बंदरात शिरलेली लाल अग्निमुंगी अमेरिकेच्या दक्षिण भागात फैलावत होती. १९५७ मध्ये सरकारने तिच्या समूळ उच्चाटनाची मोहीम आखली. लक्ष्य होते सुमारे २ कोटी एकर भूमी. शस्त्रे होती डिल्ड्रिन आणि हेप्टाक्लोर.

८/ परिणाम भयंकर झाला. फवारलेल्या शेतांत पक्षी, मासे आणि लहान वन्यप्राणी मरून पडू लागले. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात या मोहिमेवर कठोर टीका केली. त्यानंतर मिरेक्स हे विष आमिषात मिसळून विमानांतून टाकले गेले. त्याचे अंश माणसांच्या चरबीतही सापडले आणि १९७८ मध्ये त्याचा वापर संपला.

९/ आणि अग्निमुंगी? ती आजही तिथेच आहे. विषाने स्थानिक मुंग्याही मेल्या, म्हणजे तिचे प्रतिस्पर्धीच नाहीसे झाले. मोकळ्या रानात ती पुन्हा वेगाने पसरली. घरातही असेच काहीसे घडते: फॅरो मुंगीच्या वसाहतीवर फवारा मारला, तर ती फुटून एकीच्या अनेक वसाहती होऊ शकतात.

१०/ या पार्श्वभूमीवर जुन्या उपायांचे मर्म उलगडते. साबणाच्या पाण्याने ओटा पुसला, की गंधाची वाट मिटते. भिंतीतली फट बुजवली, की दरवाजा बंद होतो. घट्ट झाकणाचा डबा मोहच उरू देत नाही. वाटीतल्या पाण्यावर धूळ साचली तर मुंग्यांना आयता पूल मिळतो. म्हणून पाणी वरचेवर बदलावे आणि त्यात साबणाचे दोन थेंब टाकावेत. त्याने पाण्याचा पृष्ठताण घटतो आणि मुंगी तरंगू शकत नाही. हळदीची रेघ काही काळ अडवते, पण पुसली गेली की निष्प्रभ ठरते.

११/ २ कोटी एकरांची मोहीम अग्निमुंगीला संपवू शकली नाही. पाण्याच्या वाट्यांनी तसा दावा कधी केलाच नव्हता. त्यांनी फक्त दुधाचे पातेले राखले, आणि त्यासाठी अंगणातला एकही पक्षी मेला नाही.