चिठ्ठीवरचं नाव, पोटातला माल

शिष्यवृत्तीचा अर्ज भरा, नोकरीचा भरा, नाहीतर परीक्षेचा. खाली कुठेतरी ‘फाइल निवडा’ असं बटण असतंच आणि त्याला चिकटून बारीक अक्षरांत सूचना: फोटो जेपीजी हवा, अमुक केबीच्या आत हवा. वेब जन्मलं तेव्हा हे बटण नव्हतं. इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकित टिपणांतून ठरतात त्यांना आरएफसी म्हणतात. त्यातलं १८६७ क्रमांकाचं टिपण नोव्हेंबर १९९५मध्ये निघालं. लिहिणारे दोघे, एर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर, झेरॉक्स कंपनीतले. टिपणावर शिक्का ‘प्रायोगिक’ असा होता.

तोवर अर्जातली माहिती नाव आणि मजकूर अशा जोड्यांनी जायची. साधी इंग्रजी अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हं सोडली, तर प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन खुणा, म्हणजे एकाच्या जागी तीन अक्षरं लिहावी लागत. पत्त्याच्या चार ओळींना हे चालून जाई. छायाचित्र मात्र असं पाठवलं तर जवळजवळ अडीचपट फुगे.

उपाय ईमेलकडून उसना आला. ११ मार्च १९९२ रोजी नॅथॅनियल बोरेन्स्टाइन यांनी ईमेलला जोडून आपल्या गाण्याच्या चौकडीचा फोटो पाठवला होता. त्यांनी आणि नेड फ्रीड यांनी रचलेल्या ‘माइम’ पद्धतीत एका पत्राचे कप्पे पडतात. दोन कप्प्यांमध्ये ठरलेली सीमारेषा आणि प्रत्येक कप्प्याच्या माथ्यावर एक चिठ्ठी: आत काय आहे, कोणत्या प्रकारचं आहे. नेबेल-मॅसिंटर यांनी हीच रचना अर्जासाठी घेतली. आजही आपण फोटो चढवतो तेव्हा तो अशाच कप्प्यात बसून जातो आणि चिठ्ठीवर फायलीचं नाव व प्रकार लिहिलेला असतो.

ही चिठ्ठी पाठवणाऱ्याच्या बाजूने लिहिली जाते. अपलोडच्या पडताळणीचा पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीतून निघतो. मूळ टिपणाला काळजी होती ती वापरणाऱ्याची: त्याने स्वतः न निवडलेली फाइल ब्राउझरने परस्पर पाठवू नये. ही काळजी रास्तच होती, आणि म्हणून आजही कुठलंही वेबपान फाइल निवडण्याच्या चौकटीत आपल्या आपण फायलीचं नाव भरू शकत नाही. पोचलेल्या फायलीचं काय करायचं, ते मात्र घेणाऱ्यावर सोपवून टिपण संपलं.

घेणारे तयार नव्हते. २००० सालापर्यंत पीएचपी भाषेत आलेली फाइल एका तात्पुरत्या जागी ठेवली जाई आणि त्या जागेचा पत्ता अर्जातल्या रकान्याच्याच नावाच्या चलात येई. पण साध्या अर्जातून आलेला मजकूरही तशाच चलांत उतरे. मग कुणी फाइल न पाठवता त्याच नावाने नुसता पत्ता लिहून पाठवला, समजा सर्व्हरवरच्या वापरकर्त्यांच्या यादीचा, तर प्रोग्राम ती यादी ‘आलेली फाइल’ समजून उचले आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी नेऊन ठेवे. त्याच वर्षी पीएचपीने दोन नवी साधनं दिली. ही फाइल खरोखर आत्ताच चढवली गेली आहे का, हे एक विचारतं. दुसरं ती खात्री पटल्यावरच फाइल हलवतं. पुढे आलेल्या फायलींसाठी वेगळी यादीच आली, पण त्या यादीतला ‘प्रकार’ अजूनही ब्राउझरच्या चिठ्ठीवरूनच उतरवलेला असतो. नवशिक्या प्रोग्रामरला तो तपासून निघालेला निष्कर्ष वाटतो. माझ्या मते या विषयातला सर्वांत महागडा गैरसमज तोच.

प्रकारावर विश्वास नाही, तर शेपटावर ठेवावा? नावाच्या शेवटी जेपीजी असेल तरच घ्यायचं, असा नियम पुष्कळांनी केला. पण अपाची सर्व्हर एका नावाला अनेक शेपटं मानतो. मधे पीएचपी आणि शेवटी जेपीजी असं नाव दिलं की काही मांडण्यांत तो फोटो न दाखवता आतला प्रोग्राम चालवून मोकळा होई. पूर्वी जकात नाक्यावर बिलात एक आणि ताडपत्रीखाली दुसरं असण्याचा संशय आला की दोर सोडावे लागत. इथेही शेवटी पोटात पाहण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

पोटात पाहायची विद्या मात्र वेबपेक्षा जुनी आहे आणि तिचा उगम मला फार आवडतो. पीडीपी-११ या यंत्रावरच्या युनिक्समध्ये प्रोग्रामच्या फायलीचा पहिला शब्द अष्टमान पद्धतीतला ४०७ असे. ती मुळात खूण नव्हतीच. ती यंत्राला दिलेली आज्ञा होती: पुढचे सात शब्द ओलांडून जा. फायलीच्या माथ्यावर आठ शब्दांची माहितीची पट्टी होती, त्यातला पहिला शब्द हाच. तिच्यावरून उडी मारली की खरा प्रोग्राम सुरू. नंतर उडीची गरज संपली, आकडा राहिला आणि तीच ओळख झाली. अशा आकड्यांना ‘मॅजिक नंबर’ म्हणू लागले. फायलीची सुरुवात वाचून ती कसली आहे हे सांगणारी ‘फाइल’ नावाची आज्ञा १९७३च्या युनिक्समध्ये होती. १९८०च्या दशकात इयन डार्विन यांनी ती सर्वांसाठी नव्याने लिहिली आणि आजचे वेब प्रोग्राम पडताळणीसाठी बहुधा तिच्याच वंशजाला विचारतात.

१९९६मध्ये पीएनजी हा चित्रांचा प्रकार आला तोवर ही खूण विचारपूर्वक घडवली जाऊ लागली होती. पीएनजीचे पहिले आठ बाइट पाहा. पहिल्याचा वरचा बिट मुद्दाम १ ठेवलाय. वाटेत कुणी आठवा बिट गाळला तर लगेच कळावं म्हणून. मग पीएनजी ही तीन अक्षरं. मग ओळ मोडण्याच्या दोन खुणा. त्या कुणी बदलल्या तर तेही उघड व्हावं. सातवा बाइट डॉसमध्ये फाइल पडद्यावर छापायला घेतली तर छपाई थांबवणारा, आणि शेवटी पुन्हा एकटी ओळमोड. आठ बाइटांत वाटेवरच्या एवढ्या अपघातांचा विचार केलेला पाहिला की त्या माणसांबद्दल आदर वाटतो.

पण हे बाइट अपघात पकडतात, लबाडी नाही. जिफ चित्राची ओळख सांगणारी सहा अक्षरं माथ्यावर लिहून खाली हवा तो प्रोग्राम चिकटवता येतो. २००८मध्ये ‘गिफार’ गाजलं, ते याहून सफाईदार. जिफ पुढून वाचतात; जावाचे प्रोग्राम ज्यात बांधतात त्या झिपची अनुक्रमणिका शेवटी असते. दोन्ही एकापुढे एक जोडली की एकच फाइल खरं चित्रही असते आणि जावाचा खरा प्रोग्रामही. मग आलेलं चित्र उलगडून त्यातले फक्त रंगबिंदू घ्यायचे आणि नवी फाइल स्वतः लिहायची, ही रीत रुजली. त्यातही धोका होताच: २०१६मध्ये चित्रं उलगडणाऱ्या इमेजमॅजिकमध्येच मोठी भोकं सापडली. कुठलीच एक तपासणी पुरती भरवशाची नाही, म्हणून फायली वेबपानांच्या जागेबाहेर, शक्य तर वेगळ्या डोमेनवर ठेवतात.

राहता राहिलं नाव, आणि इथे मराठी माणसाचा थेट संबंध येतो. नावातून कुणी दुसऱ्या फोल्डरात शिरू नये म्हणून सरसकट इंग्रजी अक्षरं, अंक, टिंब आणि रेघ सोडून बाकी सगळं गाळतात. एका छोट्या संस्थेच्या अर्जप्रणालीत याचा परिणाम मी पाहिला. एका शेतकऱ्याने पाठवलेल्या ‘सातबारा.पीडीएफ’मधलं सातबारा गळालं, उरलं टिंब आणि पीडीएफ. पाठोपाठ आलेल्या ‘फेरफार’चंही तेच झालं आणि ती आधीच्या फायलीवर जाऊन बसली. वर, टिंबाने सुरू होणारी नावं युनिक्स यादीत दाखवत नाही, त्यामुळे कागद आलेच नाहीत असं शेतकऱ्याला सांगितलं गेलं. त्याने सगळं नीट केलं होतं.

नाव न गाळता ठेवलं तरी लांबीचा प्रश्न उरतो. अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा. ‘सातबारा’चे २१ बाइट होतात. लिनक्समध्ये नावाला सहसा २५५ बाइटांची मर्यादा, म्हणजे आपल्याला ८५ चिन्हं.

जुलै २०१५मध्ये मॅसिंटर यांनीच नवं टिपण लिहिलं, आरएफसी ७५७८. आलेलं नाव डोळे झाकून वापरू नका, असं त्यात बजावलं आहे, आणि इंग्रजीबाहेरच्या नावांची दखलही आहे. त्या संस्थेत आम्ही मग डिस्कवर प्रत्येक फायलीला स्वतः तयार केलेला यादृच्छिक क्रमांक दिला, आणि पाठवणाऱ्याने लिहिलेलं नाव डेटाबेसच्या एका रकान्यात जसंच्या तसं ठेवलं. पुढच्या खेपेला त्या शेतकऱ्याने आपला कागद उतरवून घेतला, तेव्हा तो ‘सातबारा’ म्हणूनच परत आला.