अंधाराचा राजपुत्र

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या नादी लागलेल्या कुणालाही ल्यूकस हे नाव नुसतं ऐकवा, त्याच्याकडे किमान चार विनोद तयार असतात. ल्यूकसच्या दिव्याच्या बटणाला म्हणे तीनच अवस्था : मंद, लुकलुकता आणि बंद. इंग्रज बिअर कोमट का पितात? कारण त्यांचे फ्रिजही ल्यूकसनेच बनवलेत. आणि सगळ्यात गाजलेली म्हणजे संस्थापकाला बहाल झालेली पदवी, 'प्रिन्स ऑफ डार्कनेस', अंधाराचा राजपुत्र.

गंमत बघा, जोसेफ ल्यूकस १९०२ साली वारला. ज्या गाड्यांमुळे त्याची ही बदनामी झाली, त्यातली एकही त्या बिचाऱ्याने पाहिली नाही. बर्मिंगहॅममध्ये रॉकेल विकण्यापासून सुरुवात केलेला हा माणूस नावारूपाला आला तो सायकलच्या दिव्यांमुळे, आणि त्या दिव्याचं नाव होतं 'किंग ऑफ द रोड'. म्हणजे रस्त्याचा राजा पुढे अंधाराचा राजपुत्र झाला. ही पदावनती न्याय्य होती का, हा माझा आजचा प्रश्न. आणि त्याचं उत्तर विनोदांत नाही, शॉर्ट सर्किट कसा होतो आणि कसा सापडतो यात आहे, असं माझं मत.

तर आधी थोडं बेसिक. घरात प्रत्येक दिव्याला दोन वायरी लागतात. गाडीत एकच. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीचं एक टोक थेट बॉडीला जोडलेलं असतं, त्यालाच आपण अर्थ म्हणतो. तांब्याचा खर्च निम्मा वाचतो, हे छानच. पण याचा अर्थ असाही होतो की गाडीतली प्रत्येक जिवंत वायर आयुष्यभर शत्रूच्या अंगाला घासत जगते. पत्र्याला भोक पाडून वायर आरपार नेली की त्या भोकात रबराची कडी बसवतात. तीस-चाळीस वर्षांत ते रबर कडक होतं, तडकतं, गळून पडतं. मग प्रत्येक खड्ड्यागणिक पत्र्याची धार वायरीला करवतीसारखी कापत राहते. एक दिवस तांबं उघडं पडतं आणि पत्र्याला टेकतं. झाला शॉर्ट.

किती करंट वाहील? बॅटरी, केबल आणि तो स्पर्श असा सगळा मिळून रेझिस्टन्स ०.०५ ओहम धरला तरी १२ व्होल्टला २४० अँपिअर होतात. जवळजवळ तीन किलोवॅट! एवढ्यात गीझर चालतो. मध्ये फ्यूज नसेल तर मग वायरच फ्यूज होते, आणि ती एकटी जळत नाही. आजूबाजूच्या वीस वायरींना घेऊन जाते.

आता मध्ये फ्यूज होता का, हाच कळीचा मुद्दा. एमजीबी ही १९६२ ते १९८० अशी तब्बल अठरा वर्षं ॲबिंग्डनला बनलेली दोन सीटांची गाडी. पाच लाखांहून जास्त बनल्या आणि त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. (विनोद इतके लांब का पसरले ते यावरून कळावं.) सुरुवातीच्या एमजीबीमध्ये फ्यूज होते फक्त दोन! एक जांभळ्या वायरींचा : हॉर्न, आतला दिवा वगैरे. दुसरा हिरव्या वायरींचा : वायपर, इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, पेट्रोलचा काटा. हेडलाइटला फ्यूजच नाही. आणि बॅटरीकडून येणारी जाड तपकिरी वायर, जी सदैव जिवंत असते, चावी काढून खिशात टाकली तरी, तिलाही काही नाही. फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं, पण तो ल्यूकसच्या हिशोबाने वितळण्याचा आकडा, सतत वाहायचा फक्त १७. हे ठाऊक नसलेला माणूस तिथे आजचा ३५ चा फ्यूज घालतो, म्हणजे संरक्षण निम्मं करून टाकतो. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी चांदी गुंडाळणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. या रंगांइतकं स्वच्छ डॉक्युमेंटेशन मी कित्येक सॉफ्टवेअर प्रोजेक्टांत पाहिलेलं नाही. तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर, हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, लाल बाजूच्या नि मागच्या दिव्यांची, काळी अर्थची. निळीवर पांढरी रेघ म्हणजे अप्पर, लाल रेघ म्हणजे डिपर. एकदा पाठ झालं की ब्रिटिश कारखान्यातून निघालेली बहुतेक कुठलीही गाडी वाचता येते.

आणि म्हणूनच शॉर्ट शोधणं इथे खरंतर सोपं आहे. समजा, हिरवा फ्यूज उडाला. वायपर, इंडिकेटर, काटा सगळं एकदम मेलं. नवशिके काय करतात? नवा फ्यूज घालतात, उडतो. परत घालतात, परत उडतो. दहा फ्यूज गेले, माहिती शून्य. जुने वायरिंगवाले फ्यूजच्या जागी २१ वॉटचा ब्रेकलाइटचा बल्ब लावतात. आता शॉर्ट असला तरी बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाऊ शकत नाही, म्हणजे काही जळत नाही. बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटला तर शॉर्ट शाबूत आहे. नुसता मिणमिणला तर ती गाडीतल्या वस्तूंची नेहमीची मागणी. मग हिरव्या फांद्या निम्म्या-निम्म्या सोडवत जायचं. ज्या फांदीला हात लावल्यावर बल्ब विझला, चोर तिथेच. आपण याला बायनरी सर्च म्हणतो आणि इंटरव्ह्यूत विचारतो!

सगळ्यात चिवट शॉर्ट म्हणजे कधीतरीच होणारा. १९६७ नंतरच्या एमजीबीला रिव्हर्सचे दिवे आले. त्याचा स्विच गिअरबॉक्सवर. तिथली वायर घासलेली असेल तर गाडी एरवी महिनाभर छान चालते, रिव्हर्स टाकला की वायपर बंद! दोन्हींचा संबंध आहे हे डोक्यात यायला फ्यूजचा नकाशाच समोर हवा.

त्यात भर म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ. त्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असायचं. एमजीबीतही १९६७ पर्यंत होतं. आजचा रेडिओ घ्या, त्याची पेटी आतून मायनसला जोडलेली असते. तो जुन्या गाडीत अगदी बरोबर पोलॅरिटीने जोडा आणि डॅशबोर्डच्या पत्र्याला स्क्रूने आवळा. वायरिंग निर्दोष, आणि तरी धडधडीत शॉर्ट!

आपल्याकडेही हा वारसा आलाच. उत्तरपाड्याची अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती, २०१४ पर्यंत बनत होती. १९६१ साली मद्रासमध्ये ल्यूकस-टीव्हीएस सुरू झाली. मुंबईची पद्मिनी मात्र फियाटच्या घराण्यातली, इटालियन, त्यामुळे ल्यूकसचे विनोद तिला लागू नाहीत. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही टॅक्सी म्हणून संपली, ते केवळ वयाच्या नियमाने.

आता निकाल. ज्या ल्यूकसने फ्रँक व्हिटलच्या जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षांवर काम केलं, त्यांना बरा फ्यूजबॉक्स बनवता येत नव्हता हे मला पटत नाही. गाडीत दोन फ्यूज घालायचे की दहा, हे गाडीवाली कंपनी ठरवत होती, आणि ती शिलिंग मोजत होती. मात्र ल्यूकसला पूर्ण सोडताही येत नाही. ब्रिटनमधल्या गाड्यांच्या विजेच्या सामानावर त्यांची पकड इतकी घट्ट होती की १९६३ साली तिथल्या मोनोपॉलीज कमिशनने त्यावर अख्खा अहवाल काढला. गिऱ्हाइकाला दुसरं दुकानच नसेल तर पुरवठादाराला स्वतःहून चांगलं द्यायची गरज काय? १९९६ साली ल्यूकस अमेरिकन व्हॅरिटीत विलीन झाली, १९९९ मध्ये टीआरडब्ल्यूने दोन्ही गिळल्या. विनोद तेवढे उरले.

आज शहाणे मालक तपकिरी वायरीत बॅटरीजवळ एक मोठा फ्यूज आणि हेडलाइटला वेगळे फ्यूज बसवून घेतात. शुद्धतावादी लोक त्यावर नाक मुरडतात, मूळ गाडीत नव्हतं म्हणून. मी फ्यूजच्या बाजूने आहे. जळालेल्या गाडीत मूळचं असं काय उरतं?