चोकची दांडी आणि पितळी व्हॉल्व्ह
मंडळी, आपल्या धरणगावचा मे जेवढा कडक, तेवढीच डिसेंबरची पहाट बोचरी. अशा पहाटे प्रीमियर पद्मिनी सुरू करायची म्हणजे आधी चोक ओढा. इंजिन तापलं की आत ढकला. विसरलात तर काळा धूर! कुर्ल्यात बनलेल्या या गाडीनं थंड-गरम ओळखायचं काम आपल्या हातावर सोडलं होतं.

अमेरिकेत १९७० च्या कायद्यानं धुरावर बंधनं आली. नायट्रोजनचे घातक वायू कमी व्हावेत म्हणून थोडा जळका धूर परत सिलिंडरमध्ये सोडू लागले. पण थंड इंजिनाला तो सोसत नाही, गाडी गचके खाते. म्हणून इंजिनाच्या पाण्यात एक छोटा पितळी व्हॉल्व्ह बसवला. आत मेण, नाहीतर दोन धातूंची चकती. पाणी थंड असेतो व्हॅक्यूमची नळी बंद. तापलं की मेण फुगतं, वाट उघडते, इंजिनाची ओढ धुराचं झाकण उचलते. ना वीज, ना कॉम्प्युटर. आम्हाला हे फार आवडतं.

खोट एकच. विसरलेला चोक काळ्या धुरातून दिसायचा. हा व्हॉल्व्ह बंद अडकला, तर गाडी वरवर छान पळते आणि घातक वायू, डोळ्यांना न दिसता, हवेत जातच राहतात.