बोंडातले तीनास एक

मी आयुष्यभर कृषी विद्यापीठात आनुवंशशास्त्र शिकवले. स्मरणिकेसाठी त्याचाच इतिहास लिहितो, आणि आपण पऱ्हाटीच्या मुलखातले म्हणून कापसाच्या अंगाने लिहितो.

शाळेत सरांनी फळ्यावर काढलेली मेंडेलच्या वाटाण्यांची चौकट तुम्हाला आठवत असेल: तीन उंच, एक बुटके. मेंडेलचा तो निबंध १८६६ साली छापला गेला आणि १९०० पर्यंत जवळजवळ अडगळीत पडून राहिला. आमच्या शिक्षणात मात्र सगळे त्यावरच उभे होते, आणि तेही शेतात. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी निवडायची, नखाने पाकळ्या आणि पुंकेसर सोलून काढायचे, कळी झाकायची आणि सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. १९७० साली सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी दिलेला एच-४ हा व्यापारी लागवडीचा पहिला संकरित कापूस. तोही असल्याच हातकामातून आला. पुढे बीजोत्पादनात हे काम मुख्यतः बायाबापड्यांनी आणि पोरांनी केले, हे पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही.

मग प्रयोगशाळा आली. १९८६ साली केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन झाला, हळूहळू पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाले, पीसीआर यंत्रे आली. मुले जेलवरचा पट्टा झटकन वाचत, पण पाती आणि बोंड यांत गोंधळत. मला जेलचे वावडे नव्हते. फक्त शेताचे तास कमी होत गेले, ते खटकत होते.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. अमेरिकेत आणि चीनमध्ये बीटी जनुक मुख्यतः सरळ वाणांत घातले गेले. आपल्याकडे संकरित वाणांत. कारण उघड आहे, संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. पण संकरित झाडात ते जनुक एकाच पालकाकडून येते. म्हणून त्याच्या बोंडातल्या सरकीत तीन दाणे बीटीचे, एक साधा. फळ्यावरची चौकट थेट बोंडात! गुलाबी बोंडअळी सरकीच खाते. अशा सरमिसळ बोंडात अर्धवट प्रतिकार असलेली अळी तगते आणि प्रतिकार लवकर फोफावतो, असे अनेक कीटकशास्त्रज्ञ मानतात. दोन जनुकांचे वाण २००६ पासून आले, तरी सरकीतली वाटणी टळली नाही.

यावर उतारा म्हणून पिशवीसोबत साध्या बियाण्याचे वेगळे पाकीट मिळे, कडेच्या ओळींत पेरायला. बहुतेकांनी ते पेरले नाही. ज्या ओळी अळीला खायला घालायच्या, त्या दोन-तीन एकरवाल्याने का पेराव्यात? हे त्याच्या भाषेत समजावणारा माणूस गावात कितीदा पोचला? आम्ही विद्यार्थ्यांना प्रतिकाराची गणिते शिकवली, पण ते पाकीट बांधावर उघडून दाखवण्याचा तास अभ्यासक्रमात नव्हता.

२०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडेच्या बोंडे किडली. आपल्यातल्याच काहींचे मला फोन आले. मी सांगितले: फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटून टाका, पुढच्या साली कामगंध सापळे लावा. एकाने विचारले, "फरदडीचे चार पैसे मग कुठून काढू?"