‘के’ कवचाची कुळकथा

सोडियमचे इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, १ हे शाळेत सगळ्यांनी घोकलेले असते. ‘के’ कवचात दोन, ‘एल’मध्ये आठ, ‘एम’मध्ये एक. केंद्रकाच्या सर्वांत जवळच्या कवचाला ‘ए’ सोडून ‘के’ का म्हणायचे, असे एखाद्या मुलाने विचारले, तर ‘तसे नावच आहे’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. पण या अक्षराचा जन्म झाला तेव्हा अणूला कवचे असतात हे कोणाच्या गावीही नव्हते.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला चार्ल्स बार्क्ला क्ष-किरणांवर काम करत होते. तांब्याच्या पत्र्यावर क्ष-किरण सोडले की त्यातून दुसरे क्ष-किरण बाहेर पडत. बार्क्ला आणि त्यांचे सहकारी सॅडलर हे किरण ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांतून पाठवत आणि पलीकडे किती उरले ते मोजत. किरण सरमिसळ असते, तर मवाळ किरण पहिल्या पत्र्यांतच अडकले असते आणि पुढच्या पत्र्यांना कमी वाटा मिळाला असता. इथे मात्र प्रत्येक पत्रा समोर आलेल्या किरणांचा सारखाच हिस्सा शोषत होता. म्हणजे किरण एकजिनसी होते. शिवाय लोखंडाचे वेगळे, तांब्याचे वेगळे. मूलद्रव्य जितके जड, तितके त्याचे किरण अधिक भेदक.

पुढे काही जड मूलद्रव्यांतून असे दोन प्रकारचे किरण निघताना दिसले, एक भेदक आणि एक मवाळ. बार्क्लांनी त्यांना आधी ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे दिली होती. १९११ च्या शोधनिबंधात त्यांनी ती बदलून ‘के’ आणि ‘एल’ केली. याहून भेदक आणि याहून मवाळ किरणही सापडतील असा त्यांचा कयास होता. पंगतीत मागून येणाऱ्यांसाठी पाट मोकळे ठेवावेत, तशी त्यांनी दोन्ही बाजूंना अक्षरे राखून ठेवली.

१९१३ साली मोझली यांनी या किरणांच्या तरंगलांबी मोजल्या. त्या अणुअंकाप्रमाणे पायरीपायरीने बदलत होत्या. १९१४ मध्ये जर्मनीत कोसेल यांनी कारण सांगितले: अणूच्या आतल्या भागातला इलेक्ट्रॉन बाहेर फेकला गेला की त्या रिकाम्या जागी बाहेरचा इलेक्ट्रॉन येतो, आणि सुटलेली ऊर्जा क्ष-किरण होऊन निघते. सर्वांत आतली जागा भरताना ‘के’ किरण, त्याबाहेरची भरताना ‘एल’. किरणांचे नाव असे इलेक्ट्रॉनच्या घराला लागले. कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन मावतात, ते २, ८, १८, ३२ हे गणित १९२४ मध्ये स्टोनर यांनी मांडले आणि १९२५ मध्ये पाउली यांच्या अपवर्जन तत्त्वाने त्याला पाया मिळाला.

‘एल’पुढची अक्षरे कामी आली. स्वीडनमध्ये सीगबान यांनी ‘एम’ किरण शोधले, मग ‘एन’ही सापडले. ‘के’च्या अलीकडची जागा मात्र रिकामीच राहिली. १९१७ चे नोबेल मिळवलेले बार्क्ला एडिंबरोत अनेक वर्षे ‘जे’ किरणांचा पाठपुरावा करत राहिले. इतरांच्या प्रयोगांत ते टिकले नाहीत. ‘के’ हे पहिलेच कवच. त्याच्या आत दुसरे कवच असणार कुठून?

बार्क्लांचा मूळ शोध मात्र आजही रोज वापरात आहे. हॉलमार्किंग केंद्रात दागिन्यावर क्ष-किरण टाकले की त्यातले तांबे आपल्या ‘के’ किरणांवरून ओळखता येते आणि सोने सहसा ‘एल’ किरणांवरून; त्यावरून सोन्याच्या कसाचा अंदाज येतो.

म्हणून मला मनापासून वाटते, की २, ८, १ पाठ करून घेण्याआधी मुलांना ॲल्युमिनियमच्या त्या पत्र्यांची गोष्ट सांगावी. हे आकडे कोणी वरून ठरवून दिलेले नाहीत. अणूतून बाहेर आलेले किरण चिकाटीने मोजत माणूस आतल्या मांडणीपर्यंत पोहोचला, हे कळलेले मूल संरूपण सहसा विसरणार नाही.