सशर्त कायम वास्तव्य, पालकाच्या विवाहातून मिळालेले

सशर्त कायम वास्तव्य, पालकाच्या विवाहातून मिळालेले : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या स्थलांतर कायद्यातील अपत्याचा एक मुदतबंद दर्जा. आई किंवा वडील यांनी अमेरिकी नागरिकाशी अथवा ग्रीन कार्डधारकाशी विवाह केला, त्या विवाहाच्या आधारे अपत्यालाही कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळाले, आणि ते मिळाले त्या दिवशी विवाहाला दोन वर्षे पुरी झालेली नसली, तर अपत्याचे कार्ड दोन वर्षांपुरतेच निघते व मुदत संपण्यापूर्वी विहित अर्ज करून त्यावरील अट उठवून घ्यावी लागते. हा अर्ज ‘फॉर्म आय-७५१’ या नावाने ओळखला जातो. नागरिकाशी झालेल्या विवाहाच्या बाबतीत व्हिसा घेऊन बाहेरून आलेल्या अपत्याच्या कार्डावर ‘सीआर-२’ आणि अमेरिकेत राहूनच दर्जा बदलून घेतलेल्या अपत्याच्या कार्डावर ‘सीआर-७’ हा वर्ग छापलेला असतो. पालकाचे वर्ग अनुक्रमे ‘सीआर-१’ व ‘सीआर-६’ असे आहेत. सशर्त काळात शिक्षण, नोकरी व परदेश प्रवास यांबाबतचे हक्क बिनशर्त कार्डधारकाइतकेच असतात, त्यामुळे कार्डाच्या मुदतीकडे लक्ष जाईपर्यंत हा दर्जा वेगळा आहे हे घरात अनेकदा जाणवतही नाही.

महाराष्ट्रातून नोकरीच्या वाटेने, म्हणजे एच-१बी व्हिसावर जाऊन पुढे मालकाच्या अर्जावरून ग्रीन कार्ड मिळवलेल्या कुटुंबांतील मुलांना ही अट लागू होत नाही. ती लागू होते मुख्यत्वे पुनर्विवाहाच्या घरांत : विधवा किंवा घटस्फोटित आई अमेरिकेतील व्यक्तीशी विवाह करते आणि पहिल्या विवाहाचे अपत्य तिच्याबरोबर किंवा तिच्यामागून जाते.

कायद्याची पार्श्वभूमी : ही तरतूद १० नोव्हेंबर १९८६ रोजी संमत झालेल्या विवाह-फसवणूक दुरुस्ती कायद्याने स्थलांतर व राष्ट्रीयत्व अधिनियमात कलम २१६ म्हणून घालण्यात आली. केवळ ग्रीन कार्डासाठी केलेले दिखाऊ विवाह रोखणे हा तिचा उद्देश होता. १९८५ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे तत्कालीन स्थलांतर खात्याने अशा विवाहांचे प्रमाण सुमारे ३० टक्के असल्याचे सांगितले होते. त्या आकड्यामागील पाहणीची पद्धत पुढे न्यायालयीन वादांत सदोष ठरवली गेली, तथापि तोवर कायदा झालेला होता. कायद्याचा सारा रोख पतिपत्नींवर असला, तरी त्याच्या व्याख्येत विवाहाच्या आधारे दर्जा मिळालेले ‘पुत्र अथवा कन्या’ हेही पहिल्यापासून समाविष्ट आहेत. ज्या विवाहाच्या निर्णयात अपत्याचा काहीच भाग नसतो, त्याच्या खरेपणाचा पुरावा देण्याचा भार अशा रीतीने अपत्यावरही येतो, आणि या विषयातील बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून उद्भवतात. १९९० च्या स्थलांतर कायद्याने घटस्फोटितांसाठीची सवलत सैल केली आणि मारहाण वा अमानुष छळ झालेल्यांसाठी नवी सवलत घातली. १९९४ च्या स्त्री-अत्याचारविरोधी कायद्याने अशा छळाच्या पुराव्याचे निकष सौम्य केले.

दोन वर्षांची मोजणी व ९० दिवसांचा नियम : अट लागू आहे की नाही हे अपत्याला दर्जा मिळाल्याच्या दिवसावरून ठरते, पालकाचे कार्ड सशर्त आहे किंवा नाही यावरून नव्हे. आई विवाहानंतर दीड वर्षाने अमेरिकेत पोहोचली तर तिचे कार्ड सशर्त निघते, परंतु अपत्य विवाहाचा दुसरा वाढदिवस उलटल्यावर पोहोचले, तर त्याला ‘आयआर-२’ या वर्गाचे बिनशर्त कार्ड मिळायला हवे. व्हिसावर ‘सीआर-२’ छापलेले असले तरी विमानतळावर प्रवेश देणाऱ्या अधिकाऱ्याने विवाहाची तारीख पाहून वर्ग बदलणे अपेक्षित असते, आणि तसे न झाल्यास कार्डाची दुरुस्ती मागता येते.

दोघांचेही कार्ड सशर्त असेल तर अपत्याचे नाव पालकाच्या अर्जात घालावयाचे की त्याचा अर्ज निराळा करावयाचा, हा पुढचा प्रश्न असतो. नियम असा आहे की अपत्याला सशर्त दर्जा पालकाबरोबर त्याच दिवशी किंवा त्यानंतर ९० दिवसांच्या आत मिळाला असेल तर एकच अर्ज पुरतो. त्याहून उशिरा मिळाला असेल, किंवा सशर्त दर्जा असलेल्या पालकाचे निधन झाले असेल, तर अपत्याला स्वतंत्र आय-७५१ भरावा लागतो. आईला १ मार्चला आणि मुलाला २० जूनला दर्जा मिळाला असेल तर मुलाचे नाव आईच्या अर्जात लिहिलेले असूनही त्याची अट उठत नाही. त्याचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळे (१ एप्रिल २०२४ पासून दर अर्जास ७५० डॉलर) आणि मुदतही वेगळी असते.

असा उशीर अपवादाने होत नाही, तो कायद्याच्या रचनेतच आहे. अमेरिकी नागरिकाच्या पत्नीला ‘निकट नातलग’ या वर्गातून व्हिसा मिळतो आणि या वर्गात आईच्या अर्जाबरोबर अपत्याला आपोआप व्हिसा मिळण्याची सोय नाही. सावत्र वडिलांना अपत्यासाठी आय-१३० हा नात्याचा अर्ज निराळा भरावा लागतो, आणि तो मागाहून भरला, मुंबईच्या वकिलातीतील मुलाखत पुढे गेली किंवा शाळेचे वर्ष संपेपर्यंत मूल आजीआजोबांकडे थांबले की ९० दिवस सहज उलटतात. शिवाय सावत्र नाते कायद्याने मान्य होण्यासाठी विवाहाच्या वेळी अपत्याचे वय १८ वर्षांच्या आत असावे लागते. ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीच्या वर्गात मात्र अपत्य आईच्याच अर्जावर येऊ शकते.

अर्ज दर्जा मिळाल्याच्या दुसऱ्या वाढदिवसापूर्वीच्या ९० दिवसांत करावयाचा असतो. कार्डाच्या दर्शनी बाजूस ‘रेसिडेंट सिन्स’ या शब्दांपुढे जी तारीख असते तीच या हिशेबाचा पाया आहे : तेथे १५ जून २०२३ असेल तर अर्जाची खिडकी १७ मार्च २०२५ रोजी उघडते आणि १५ जून २०२५ रोजी मिटते. त्याआधी पाठवलेला संयुक्त, म्हणजे सावत्र पालकाच्याही सहीचा, अर्ज परत येऊ शकतो.

अर्ज व पुरावा : सामान्यतः अर्जावर सशर्त कार्डधारक आणि विवाहाच्या आधारे अर्ज केलेला जोडीदार या दोघांच्या सह्या लागतात. स्वतंत्र अर्ज करणारे अपत्य ‘पालकाच्या जोडीदारासह’ हा पर्याय निवडते व पालकाच्या अर्जात आपले नाव का येऊ शकले नाही ते लिहून जोडते. चौदा वर्षांखालील अपत्यातर्फे पालक सही करू शकतो. पुरावा अपत्याच्या वागणुकीचा नव्हे, तर पालकाच्या विवाहाचा द्यावयाचा असतो : दोघांच्या नावांचा घराचा भाडेकरार किंवा गृहकर्ज, संयुक्त बँक खाते, एकत्र भरलेले प्राप्तिकर विवरणपत्र, विमा, झाले असल्यास नव्या अपत्याचा जन्मदाखला, आणि दांपत्याला जवळून ओळखणाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे. शाळेच्या नोंदीत आणीबाणीच्या संपर्कासाठी सावत्र वडिलांचे नाव असणे, डॉक्टरकडील नोंदीवर त्यांची सही असणे, मुलाचा आरोग्य विमा त्यांच्या नोकरीतून असणे, असे कागद बँकेच्या उताऱ्यांपेक्षा घर एकत्र चालते हे अधिक स्पष्ट दाखवतात, परंतु अर्जदार ते जोडावयास बहुधा विसरतात.

मराठी कुटुंबांच्या बाबतीत नावांची घडण हा वेगळा विषय आहे. महाराष्ट्रातील रूढीप्रमाणे अपत्याच्या मधल्या नावाच्या जागी जन्मदात्या वडिलांचे नाव येते व ते जन्मदाखल्यापासून शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत सर्वत्र चालत राहते. आईचे मात्र माहेरचे, पहिल्या सासरचे व दुसऱ्या सासरचे अशी तीन पूर्ण नावे निरनिराळ्या कागदांवर आढळतात. परक्या अधिकाऱ्याला त्या तीन वेगळ्या स्त्रिया वाटू शकतात, म्हणून दोन्ही विवाहांचे दाखले, घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पहिल्या पतीचा मृत्यूदाखला, आणि नाव बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धी, अशी साखळी जोडून दाखवणे हिताचे ठरते. मराठी कागदांना संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि ते पूर्ण व अचूक असून आपण या भाषांतरास सक्षम आहोत असे भाषांतरकाराचे सहीनिशी विधान जोडावे लागते. पहिला विवाह काडीमोड किंवा फारकतीने मोडला असल्यास विशेष काळजी लागते : हिंदू विवाह अधिनियम १९५५ च्या कलम २९ ने रूढीनुसार झालेले घटस्फोट राखले असले, तरी ती रूढी सिद्ध करण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर असते, आणि पहिला विवाह वैधरीत्या संपला नव्हता असे ठरल्यास दुसरा विवाह व त्यावर उभा असलेला अपत्याचा दर्जा ही दोन्ही धोक्यात येतात.

अर्ज पोहोचल्याचे पावतीपत्र मुदत संपलेल्या कार्डाबरोबर वैध पुरावा म्हणून चालते. जानेवारी २०२३ पासून हे पत्र कार्डाची वैधता ४८ महिन्यांनी वाढवते. पूर्वी ही वाढ १२, मग १८ व २४ महिन्यांची होती, आणि निर्णयाला लागणारा काळ कसा लांबत गेला ते या आकड्यांवरून दिसते. कायद्याच्या मूळ योजनेत मुलाखत अर्जानंतर ९० दिवसांत व्हावयाची होती.

सावत्र पालकाची सही मिळत नसल्यास : घटस्फोट झाला, सावत्र पालकाचे निधन झाले किंवा त्याने सही नाकारली, तर संयुक्त अर्जाच्या अटीतून सवलत मागता येते. निधनाने अपत्याचा दर्जा बाधित होत नाही. घटस्फोट झाला असेल तर विवाह मुळात सद्‌भावनेने केला होता हे दाखवून पालक सवलत मागतो आणि अपत्य त्या अर्जात सामील होऊ शकते. तिसरा मार्ग अपत्याचा स्वतःचा आहे : पालकाने सद्‌भावनेने विवाह केला, परंतु त्या काळात अपत्याला सावत्र पालकाकडून, किंवा सशर्त दर्जा असलेल्या आपल्याच पालकाकडून, मारहाण अथवा अमानुष छळ सोसावा लागला, तर ते स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते. यासाठी घटस्फोट व्हावा लागत नाही, मुदतीची खिडकी पाळावी लागत नाही, कोणताही विश्वासार्ह पुरावा विचारात घेतला जातो, आणि दिलेली माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन कायद्याने सरकारवर घातले आहे. ‘सही देणार नाही’ या धमकीच्या आधारे घरात दहशत चालवली जाते हे संसदेने १९९० मध्येच ओळखले होते. ती धमकी पोकळ आहे हे अशा घरातील मुलाला व आईला वेळेवर कळणे महत्त्वाचे आहे. देशाबाहेर काढल्यास अत्यंत हालअपेष्टा होतील, या कारणावरूनही सवलत आहे. तिच्यात फक्त सशर्त काळात उद्भवलेली परिस्थिती विचारात घेतात.

मुदत चुकल्यास : दर्जा मिळाल्याच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंत अर्ज न झाल्यास दर्जा आपोआप संपुष्टात येतो. आईने आपला अर्ज वेळेवर केला आणि मुलाचाही त्यातच झाला असे समजून घर निश्चिंत राहिले, हा प्रकार ९० दिवसांच्या नियमामुळे घडतो, आणि तो पुष्कळदा मूल महाविद्यालयात किंवा नोकरीसाठी कागद दाखवावयास गेल्यावर उघडकीस येतो. उशिरा केलेला संयुक्त अर्ज सबळ कारण लेखी दिल्यास स्वीकारला जाऊ शकतो; दीर्घ आजार, रुग्णालयात दाखल असणे, कुटुंबातील मृत्यू ही कारणे मान्य होण्याजोगी मानली जातात. पालकाने काय केले किंवा केले नाही यावर अपत्याचे, विशेषतः त्या वेळी अज्ञान असलेल्या अपत्याचे, नियंत्रण नव्हते हे अर्जात स्पष्ट मांडणे इष्ट असते. अर्ज नाकारला गेल्यास प्रकरण स्थलांतर न्यायाधीशापुढे जाते व तेथे त्याचा फेरविचार होऊ शकतो. संयुक्त अर्ज नाकारलेला असल्यास विवाहाविषयीची विधाने खोटी असल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहतो.

वय व अपत्याचा स्वतःचा विवाह : सशर्त दर्जा मिळाल्यानंतर अपत्य २१ वर्षांचे झाले किंवा त्याने विवाह केला, तरी अट उठवण्याचा त्याचा हक्क जात नाही.

वाग्दत्त वधूचे अपत्य : के-१ व्हिसावरील वाग्दत्त वधूबरोबर के-२ व्हिसावर आलेल्या अपत्यालाही हीच प्रक्रिया लागू आहे. त्याचे वय प्रवेशाच्या दिवशी गोठते, असा निर्णय स्थलांतर अपील मंडळाने २०११ मध्ये दिला.

नागरिकत्व : अट उठल्यावर दहा वर्षांचे कार्ड मिळते आणि सशर्त काळातील वास्तव्य नागरिकत्वाच्या पाच वर्षांत धरले जाते. नागरिकाच्या पत्नीला मिळणारी तीन वर्षांची सवलत तिच्या अपत्याला नाही. आई स्वतः नागरिक झाली आणि अपत्य त्या वेळी १८ वर्षांखालील कार्डधारक असून तिच्या ताब्यात अमेरिकेत राहत असले, तर २७ फेब्रुवारी २००१ पासून अमलात असलेल्या बाल-नागरिकत्व कायद्याने तेही आपोआप नागरिक होते. सावत्र वडील जन्माने नागरिक असले तरी, अपत्य १६ वर्षांचे होण्यापूर्वी त्यांनी त्याला कायदेशीर दत्तक घेतल्याखेरीज, त्यांच्याकडून हे नागरिकत्व मिळत नाही.