लोखंडी नांगर आणि नवे संग्राहक

बेळगावच्या आसपास एखाद्या गोठ्यात गंजलेला लोखंडी नांगर आढळला, तर तो भंगारात घालण्यापूर्वी क्षणभर थांबावे. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान थाटणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र व पुढे १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीने शेतकरी त्याला शिवेनात; पहिले नग खपावयास बराच काळ लागला. १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने कुंडलनजीकच्या माळावर कारखाना उभा राहिला आणि हाच नांगर दूरदूरच्या शिवारांत गेला.

अशी अवजारे जतन करण्याच्या छंदात नवागतांचे स्वागतच आहे. त्यास भांडवल फारसे लागत नाही. मात्र उत्साहाच्या भरात सारे घासून नवा रंग फासण्याची हौस घातक होय. ओतीव अक्षरे, झिजलेला फाळ, गावच्या लोहाराने दिलेला जोड, हाच तर त्या नांगराचा इतिहास! गंज हलक्या हाताने काढून तेलाचा हात द्यावा. तो कोणत्या मातीत चालला, किती बैलजोड्यांनी ओढला, हे घरातील वृद्धांकडून लिहून घ्यावे. खंडेनवमीस अवजारे पूजेसाठी बाहेर निघतात. अशा विचारपुशीला त्याहून सोयीचा दिवस नाही.